व्हर्च्युअल मशीनच्या होस्टवर रीबूटनंतर वारंवार तुटणारे नेटवर्क : फायरवॉल बंद न करता करायचे उपाय

केव्हीएम (लिनक्स कर्नलमधील व्हर्च्युअलायझेशन) आणि लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन व त्यांची नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा) वापरून व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या डेबियन लिनक्सच्या होस्टबाबत एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. फायरवॉलचे नियम लावून झालेले असतात, सर्व गेस्ट, म्हणजे होस्टवरील व्हर्च्युअल मशीन, नीट चालत असल्याची खात्री करून घेतलेली असते, आणि काही आठवड्यांनी वीज जाऊन होस्ट रीबूट झाला किंवा कोणी फायरवॉलची सेवा रीस्टार्ट केली, की निम्म्या गेस्टचे नेटवर्क बंद पडते. होस्टवर एसएसएचने प्रवेश मिळतो, होस्टवरून बाहेर पिंग जाते आणि लॉगमध्ये डोळ्यांत भरेल असे काहीच नसते. आणखी एकदा रीबूट केल्यावर कधी सगळे सुरळीत होते, कधी होत नाही. शेवटी वैतागून फायरवॉल बंद केली जाते, गेस्ट चालू लागतात आणि प्रकरण तेथेच मिटते. मात्र त्या क्षणापासून होस्टवर उघडे असलेले प्रत्येक पोर्ट त्यावरच्या प्रत्येक गेस्टला मोकळे मिळते, याकडे पुढे बराच काळ कोणाचे लक्ष जात नाही.

असे घडते तेव्हा प्रशासकाने लिहिलेले नियम बहुधा बरोबरच असतात. अडचण अशी असते, की एकाच होस्टवर नियम लिहिणारे अनेक जण असतात : प्रशासकाची स्वतःची फाईल, लिबव्हर्ट, असल्यास कंटेनर चालवणारा डॉकर आणि काही ठिकाणी फायरवॉल सांभाळणारी फायरवॉलडी ही सेवा. प्रत्येक जण आपापल्या वेळी नियम लिहितो, दुसऱ्याने काय लिहिले आहे हे बघत नाही, आणि प्रसंगी ते पुसूनही टाकतो. त्यामुळे नवे नियम घालण्याआधी कोणते नियम कोणाचे आहेत आणि ते कोणत्या क्रमाने लागतात, हे ठरवून घेणे आवश्यक असते.

तुटलेले गेस्ट कोणत्या नेटवर्कवर आहेत?

तपासाची सुरुवात या प्रश्नापासून करावी. लिबव्हर्टचे डीफॉल्ट नेटवर्क ‘व्हीआयआरबीआर०’ या ब्रिजवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधील स्विचवर, चालते. त्यावर होस्टचा पत्ता १९२.१६८.१२२.१ असतो, गेस्टना पत्ते देण्याचे काम होस्टवरील डीएनएसमास्क करते आणि बाहेर जाणारी पॅकेट नॅट होऊन, म्हणजे होस्टचा पत्ता लावून, जातात. दुसरा प्रकार म्हणजे प्रशासकाने स्वतः बांधलेला ‘बीआर०’सारखा ब्रिज, ज्यात होस्टचे प्रत्यक्ष नेटवर्क कार्ड आणि गेस्टचे ‘व्हीनेट’ इंटरफेस एकत्र जोडलेले असतात आणि गेस्ट बाहेरच्या राउटरकडूनच पत्ता घेतात. फक्त नॅटवरील गेस्ट तुटले असतील तर लिबव्हर्टचे नियम पुसले गेले असण्याचा संशय आधी घ्यावा. ब्रिजवरील गेस्ट तुटले असतील तर कारण निराळे असते, आणि ते सापडायला अधिक अवघडही असते.

नॅटचे नियम कोण पुसते?

डेबियनमध्ये ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘एनएफटेबल्स.कॉन्फ’ ही लिनक्सच्या एनएफटेबल्स या फायरवॉलच्या नियमांची फाईल ‘फ्लश रूलसेट’ या आदेशाने सुरू होते. केवळ फायरवॉल असलेल्या साध्या सर्व्हरवर ही ओळ निरुपद्रवी असते. व्हर्च्युअल मशीनच्या होस्टवर मात्र ती कर्नलमधील सर्व टेबल पुसते, आणि त्यात लिबव्हर्टने नेटवर्क सुरू करताना लिहिलेले नॅटचे नियमही जातात. लिबव्हर्टला याचा पत्ताच लागत नाही. ‘व्हर्श नेट-लिस्ट’ या आदेशाने पाहिले तर नेटवर्क सक्रियच दिसते, गेस्ट होस्टशी बोलू शकतो, फक्त त्याची पॅकेट नॅट न होता बाहेर पडतात आणि त्यांना उत्तर येत नाही.

नेहमीची ‘रीबूट करून पाहा’ ही युक्ती येथे दिशाभूल करते. बूट होताना एनएफटेबल्सची सेवा लिबव्हर्टच्या आधी चालते, त्यामुळे पुसण्यासारखे काही नसतेच आणि रीबूटनंतर सर्व काही बरे झाल्यासारखे वाटते. पुढे कोणी नवीन पोर्ट उघडण्यासाठी फाईल पुन्हा लागू केली, की तोच प्रकार पुन्हा घडतो.

यावरचा उपाय दोन भागांचा आहे. पहिला म्हणजे फाईलमधील ‘फ्लश रूलसेट’ काढून टाकावे आणि आपले सर्व नियम एका स्वतंत्र टेबलात ठेवावेत, उदाहरणार्थ आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींसाठी असलेल्या ‘इनेट’ प्रकारातील ‘होस्टफिल्टर’. फाईलच्या सुरुवातीला ते टेबल आधी रिकामे घोषित करावे, लगेच ‘डिलीट टेबल’ने काढावे आणि मग पूर्ण नियमांसह पुन्हा लिहावे. आधी घोषित करण्याचे कारण इतकेच, की टेबल अस्तित्वात नसताना ते काढायला सांगितले तर आदेश चूक दाखवून थांबतो. संपूर्ण फाईल एकाच व्यवहारात लागू होत असल्यामुळे मधल्या वेळेत होस्ट उघडा पडत नाही.

दुसरा भाग सहसा निसटतो. एनएफटेबल्सच्या सिस्टिमडी सेवेत थांबवण्याचा आदेशसुद्धा ‘फ्लश रूलसेट’ हाच आहे. म्हणजे फाईल कितीही काळजीपूर्वक लिहिली तरी सेवा ‘रीस्टार्ट’ केली की आधी सर्व काही पुसले जाते आणि मग फक्त आपले नियम परत येतात. म्हणून बदल लागू करताना ‘रीलोड’ वापरावे. एकापेक्षा अधिक जण सर्व्हर सांभाळत असतील तर तेवढ्यावर विसंबू नये : ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने सेवेचा थांबवण्याचा आदेश बदलून तो फक्त आपले टेबल काढेल असा करून ठेवावा.

नियम पुसले गेलेच असतील तर लिबव्हर्टची सेवा रीस्टार्ट केल्यावर ती आपले नियम पुन्हा लिहिते, आणि चालू गेस्ट त्यामुळे बंद पडत नाहीत. ज्या वितरणांत लिबव्हर्टचे स्वतंत्र भाग चालतात तेथे ‘व्हर्टनेटवर्कडी’ ही सेवा रीस्टार्ट करावी. ‘नेट-डिस्ट्रॉय’ आणि ‘नेट-स्टार्ट’ या जोडीच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यात चालू गेस्टचे इंटरफेस ब्रिजपासून सुटतात आणि एका तक्रारीच्या जागी दहा येतात. फायरवॉलडी वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही, कारण फायरवॉलडीने नियम रीलोड केल्याचा संकेत लिबव्हर्ट ऐकते आणि आपले नियम परत घालते.

एआरपी जाते, पिंग जात नाही

आता ब्रिजवरील गेस्ट. येथे फार बोलके ठरणारे एक लक्षण आहे. गेस्टवर ‘आयपी नेबर’ पाहिले तर राउटरचा मॅक पत्ता मिळालेला दिसतो, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणारी एआरपीची विचारणा बाहेर गेली आणि तिचे उत्तरही परत आले, पण त्याच राउटरला केलेली पिंग मात्र परत येत नाही. होस्टवर दोन खिडक्या उघडून एकीत गेस्टच्या ‘व्हीनेट०’वर आणि दुसरीत प्रत्यक्ष कार्डावर ‘टीसीपीडम्प’ हे पॅकेट दाखवणारे साधन चालवावे. पहिल्या खिडकीत दर सेकंदाला पिंगचे पॅकेट उमटत राहते, दुसरीत काहीच येत नाही, आणि एआरपी मात्र दोन्हीकडे दिसते. एकाच होस्टवरील, एकाच ब्रिजला जोडलेले दोन गेस्टही एकमेकांना पिंग करू शकत नाहीत. केबल, स्विच, व्हीलॅन (एकाच स्विचवरील वेगळे आभासी नेटवर्क) यांपैकी कशातही दोष असता तर एआरपीसुद्धा अडली असती. येथे फक्त आयपी पॅकेट अडत आहेत, म्हणजे ती ब्रिजच्या आतच कोणत्या तरी फायरवॉल नियमाला सापडत आहेत.

ब्रिज हा खरे तर स्विचसारखा. त्यातून जाणाऱ्या पॅकेटचा आयपी स्तरावरील नियमांशी संबंध यायला नको. तो जोडते ‘बीआर_नेटफिल्टर’ हे कर्नल मॉड्यूल. ३.१८ या कर्नलपासून हे मॉड्यूल वेगळे झाले असून ते लोड होताच ‘ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स’ या सेटिंगचे मूल्य १ होते, आणि ब्रिजवरील प्रत्येक आयपी पॅकेट होस्टच्या फॉरवर्ड चेनमधून, म्हणजे पुढे पाठवायच्या पॅकेटसाठीच्या नियमांच्या साखळीतून, जाऊ लागते. त्या चेनचे धोरण, म्हणजे एकही नियम लागू न झाल्यास घ्यायचा निर्णय, ‘ड्रॉप’ असेल तर गेस्टचे नेटवर्क तेथेच संपते. ‘आयपीटेबल्स’ या फायरवॉलच्या जुन्या साधनाने फॉरवर्ड चेन आकड्यांसह पाहावी. पहिल्याच ओळीत धोरणापुढे टाकून दिलेल्या पॅकेटची संख्या असते, आणि गेस्टवर पिंग चालू असताना ती त्याच गतीने वाढत असेल तर निदान पक्के झाले.

हे मॉड्यूल बहुतेक वेळा डॉकरमुळे लोड होते. फॉरवर्ड चेनचे धोरण ‘ड्रॉप’ करण्याची पद्धतही डॉकरने २०१७ साली आलेल्या १.१३ या आवृत्तीपासून सुरू केली, पण त्यात एक अट आहे आणि ‘कधी चालते, कधी चालत नाही’ या तक्रारीचे मूळ तिच्यातच आहे. डॉकर सुरू होताना आयपी फॉरवर्डिंग बंद असेल तर तो ते स्वतः चालू करतो आणि त्यासोबत धोरण ‘ड्रॉप’ करतो. फॉरवर्डिंग आधीच चालू असेल तर तो धोरणाला हात लावत नाही. लिबव्हर्टचे नॅट नेटवर्कही सुरू होताना फॉरवर्डिंग चालू करते. म्हणजे बूट होताना लिबव्हर्ट आधी उठले तर धोरण मोकळे राहते, आणि डॉकर आधी उठला तर गेस्ट तुटतात. या दोन सेवांच्या क्रमाची हमी कोठेही दिलेली नसते, त्यामुळे एकाच होस्टवर एकाच संचासह प्रत्येक बूटचा निकाल वेगळा येऊ शकतो.

हे समजल्यावर बरेच जण कर्नलची सेटिंग ठरवणाऱ्या ‘सिसिटीएल’च्या फाईलमध्ये ते सेटिंग ० करतात आणि पुढच्या बूटनंतर ते पुन्हा १ झालेले पाहून गोंधळतात. कारण साधे आहे : बूट होताना सिसिटीएलची मूल्ये लागू होतात तेव्हा मॉड्यूल लोड झालेले नसते, म्हणून ते सेटिंग अस्तित्वातच नसते. मॉड्यूल नंतर येते आणि आपले डीफॉल्ट मूल्य घेऊन येते. ‘मॉड्यूल्स-लोड.डी’ निर्देशिकेत एका ओळीची फाईल ठेवून मॉड्यूल आधीच लोड करवले तर सिसिटीएल त्यानंतर चालते आणि मूल्य टिकते. मॉड्यूल लोड होताच सिसिटीएल चालवणारा यूडेव्हचा (उपकरणे व मॉड्यूल आल्यावर ठरलेले काम करणाऱ्या यंत्रणेचा) नियमही लिहिता येतो. ‘सिसिटीएल.डी’च्या मॅन्युअल पानावर नेमके याच मॉड्यूलचे उदाहरण देऊन दोन्ही पद्धती दाखवल्या आहेत.

होस्टवर डॉकर नसेल तर ते मूल्य ० ठेवणेच योग्य, आणि आयपीव्ही६ साठी असलेले जोडीचे सेटिंगही त्यासोबत ० करावे. डॉकर असेल तर थोडे थांबावे, कारण कंटेनरना एकमेकांपासून वेगळे ठेवण्यासाठी डॉकर याच यंत्रणेचा आधार घेऊ शकतो. अशा होस्टवर ‘डॉकर-यूजर’ या चेनमध्ये ‘बीआर०वरून आलेले आणि बीआर०वरच जाणारे पॅकेट स्वीकारावे’ असा एक नियम घालावा. ती चेन प्रशासकासाठीच राखलेली असून फॉरवर्ड चेनमध्ये ती सर्वात आधी तपासली जाते. हा नियम बूटनंतर टिकवण्यासाठी डॉकरनंतर एकदाच चालणारी छोटी सिस्टिमडी सेवा पुरेशी होते. माझे मत विचाराल तर शक्य असेल तेथे डॉकर होस्टवर न ठेवता एखाद्या गेस्टमध्ये ठेवावा. वरील निम्मा लेख त्यामुळे अनावश्यक ठरतो.

परवानगी आणि मनाई यांतील फरक

लिबव्हर्टच्या १०.४.० या आवृत्तीत २०२४ साली एनएफटेबल्सची थेट सोय आली, आणि ज्या होस्टवर ती वापरली जाते तेथे नॅटचे नियम ‘लिबव्हर्ट_नेटवर्क’ या वेगळ्या टेबलात राहतात. कोणती पद्धत चालू आहे हे लिबव्हर्टच्या ‘नेटवर्क.कॉन्फ’मधील ‘फायरवॉल_बॅकएंड’ या ओळीवरून कळते. आवृत्ती वाढवल्यावर जे गेस्ट तुटतात त्यांचे कारण बहुधा येथे असते, आणि ते समजण्यासाठी एनएफटेबल्सचा एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. एका टेबलातील ‘ॲक्सेप्ट’ हा फक्त त्या टेबलातील चेनपुरता निकाल असतो, त्याच टप्प्यावरील दुसऱ्या टेबलाची चेन ते पॅकेट पुन्हा तपासते. ‘ड्रॉप’ मात्र कोणीही म्हटले तरी अंतिम असते. पूर्वी लिबव्हर्ट आणि डॉकर दोघेही आयपीटेबल्सच्या एकाच फॉरवर्ड चेनमध्ये लिहीत, त्यामुळे लिबव्हर्टने आधी दिलेली परवानगी चालून जाई. आता लिबव्हर्ट आपल्या टेबलात परवानगी देते आणि डॉकरच्या चेनचे ‘ड्रॉप’ धोरण ती निरर्थक करते. ‘डॉकर-यूजर’मध्ये ‘व्हीआयआरबीआर०’साठी जाण्या-येण्याचे नियम घातल्याने किंवा लिबव्हर्टला पुन्हा आयपीटेबल्सवर आणल्याने हे सुटते.

हाच स्वभाव आपल्या उपयोगाचाही आहे. आपल्या ‘होस्टफिल्टर’ टेबलात फॉरवर्ड चेनचे धोरण ‘ड्रॉप’ ठेवले तर लिबव्हर्ट आणि डॉकर यांची प्रत्येक परवानगी आपल्याला हाताने पुन्हा लिहावी लागते आणि नवे नेटवर्क तयार झाले की पुन्हा काहीतरी तुटते. त्याऐवजी त्या चेनचे धोरण ‘ॲक्सेप्ट’ ठेवून तिच्यात फक्त ठाम मनाया लिहाव्यात : गेस्टच्या कोणत्याही ब्रिजवरून व्यवस्थापनाच्या सबनेटकडे काहीही जाऊ नये, व्यवस्थापनाच्या कार्डावरून आलेले काहीही पुढे पाठवले जाऊ नये, चाचणीच्या गेस्टनी प्रत्यक्ष वापरातील (प्रॉडक्शन) गेस्टपर्यंत पोहोचू नये. दुसऱ्या कोणीही काहीही स्वीकारले तरी या मनाया टिकतात. आयपी फॉरवर्डिंगही सिसिटीएलमध्ये आपणच चालू करून ठेवावे, म्हणजे डॉकर आणि लिबव्हर्ट यांच्या शर्यतीवर काही अवलंबून राहत नाही.

इनपुट चेनचे, म्हणजे खुद्द होस्टकडे येणाऱ्या पॅकेटच्या नियमांचे, तसे नाही. तेथे धोरण ‘ड्रॉप’च हवे. आधी प्रस्थापित जोडण्या, लूपबॅक आणि आवश्यक आयसीएमपी, मग फक्त व्यवस्थापनाच्या सबनेटवरून पोर्ट २२, आणि ‘व्हीआयआरबीआर०’वरून डीएनएससाठी ५३ व डीएचसीपीसाठी यूडीपी ६७. यांतील ६७ विसरले की चालू गेस्ट चालूच राहतात आणि पत्त्याची मुदत संपेल तसतसे एकेक करून तुटतात. अशी तक्रार नियम बदलल्यानंतर बऱ्याच उशिरा येत असल्यामुळे दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

गेस्टला होस्ट दिसताच कामा नये

फायरवॉल ही दुसरी भिंत मानावी. व्यवस्थापन आणि गेस्ट यांची कार्डे वेगळी असावीत, किंवा किमान व्हीलॅन तरी वेगळे असावेत, आणि ‘बीआर०’सारख्या गेस्टच्या ब्रिजवर होस्टचा कोणताही पत्ता नसावा. पत्ता दिला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. ब्रिज सुरू होताच कर्नल त्याला एफई८० ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता देते, आणि एसएसएचसारखी सर्व पत्त्यांवर ऐकणारी सेवा त्या पत्त्यावर गेस्टला सापडते. त्या ब्रिजपुरते ‘डिसेबल_आयपीव्ही६’ हे सेटिंग १ करावे. गेस्टच्या स्वतःच्या आयपीव्ही६ वर याचा परिणाम होत नाही, कारण त्यांची फ्रेम ब्रिजमधून जशीच्या तशी जाते.

होस्टचे कार्ड स्विचच्या ट्रंक पोर्टला (अनेक व्हीलॅन एकत्र वाहणाऱ्या पोर्टला) जोडलेले असून तेच थेट ब्रिजमध्ये घातले असेल आणि ब्रिजचे ‘व्हीलॅन_फिल्टरिंग’ बंद असेल, तर एखादा गेस्ट आपल्या फ्रेमवर स्वतःच टॅग लावून व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमध्ये शिरू शकतो. गेस्टमध्ये रूट अधिकार असलेल्याला यासाठी एक ओळ पुरते. फिल्टरिंग चालू करून प्रत्येक ‘व्हीनेट’ला त्याचा एकच व्हीलॅन द्यावा, किंवा प्रत्येक व्हीलॅनचा उपइंटरफेस काढून त्यावर वेगळा ब्रिज बांधावा. दुसरी पद्धत जुनी असली तरी वाचायला सोपी असते.

गेस्टने दुसऱ्याचा आयपी किंवा मॅक पत्ता वापरू नये यासाठी लिबव्हर्टमध्ये ‘क्लीन-ट्रॅफिक’ नावाचा तयार फिल्टर आहे. तो इंटरफेसच्या एक्सएमएलमध्ये नुसत्या नावाने जोडता येतो, पण तो फक्त आयपीव्ही४ आणि एआरपी जाऊ देतो. आयपीव्ही६ वापरणाऱ्या गेस्टला तो लावल्यास नवी तक्रार जन्माला येते, म्हणून तेथे त्याचे घटक फिल्टर निवडून लावावेत. गेस्टकडून स्पॅनिंग ट्रीच्या (स्विचमधील चक्राकार मार्ग टाळणाऱ्या प्रोटोकॉलच्या) फ्रेम बाहेर जाणार नाहीत याचीही काळजी घ्यावी. स्विचवर अशा फ्रेम रोखणारा बीपीडीयू गार्ड असेल तर अशा एका फ्रेमने संपूर्ण होस्टचा पोर्ट बंद होतो आणि फायरवॉल विनाकारण संशयाच्या फेऱ्यात येते.

राहिले होस्टवरील उघडे पोर्ट. ‘एसएस’ने ऐकणाऱ्या सेवांची यादी काढून त्यात ५९०० पासून पुढचे व्हीएनसीचे (गेस्टचा पडदा दुरून दाखवणाऱ्या सेवेचे) पोर्ट आणि लिबव्हर्टचा १६५०९ हा कूटबद्ध नसलेला पोर्ट शोधावा. व्हीएनसी मूळ सेटिंगनुसार फक्त १२७.०.०.१ वर ऐकते, पण दुरून पडदा पाहण्याच्या घाईत कोणीतरी एखाद्या गेस्टच्या एक्सएमएलमध्ये ०.०.०.० लिहून गेलेला असतो. पडद्यासाठी एसएसएचचा बोगदा आणि लिबव्हर्टसाठी एसएसएचवरून जोडणी पुरेशी आहे.

बदल लागू करताना

दूरच्या होस्टवर नियम बदलताना आधी ‘एनएफटी’च्या फक्त तपासणीच्या पर्यायाने फाईल तपासावी. मग ‘सिस्टिमडी-रन’ने पाच मिनिटांनी जुनी फाईल लागू करणारा टायमर लावावा आणि त्यानंतरच नवी फाईल लागू करावी. आधीचे सत्र उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश मिळतो हे पाहिल्यावर टायमर रद्द करावा. आपले नियम एकाच टेबलात असल्यामुळे या परतीच्या वाटेत लिबव्हर्ट किंवा डॉकर यांना धक्का लागत नाही. उबुंटूवर ‘नेटप्लॅन ट्राय’ हाच आधार देते असे समजले जाते, पण ब्रिज आणि बाँडची (एकत्र जोडलेल्या कार्डांची) खास सेटिंग ते मागे घेऊ शकत नाही, आणि व्हर्च्युअल मशीनच्या होस्टवर नेमकी तीच असतात.

शेवटची चाचणी चालू होस्टवर न करता ठरवून रीबूट करून करावी. रीबूटच्या आधी आणि नंतर ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’चा निकाल फाईलमध्ये घ्यावा आणि दोन्ही फाईलींतील फरक पाहावा. पॅकेटचे आकडे आणि नियमांचे क्रमांक बदलतील ते सोडून द्यावेत. टेबलांची नावे, चेनची धोरणे आणि ‘ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स’चे मूल्य मात्र जुळलेच पाहिजे. त्यानंतर एका नॅटवरील आणि एका ब्रिजवरील गेस्टमधून बाहेर पिंग करावी, डीएचसीपीने नवा पत्ता मागून पाहावा आणि ‘एनमॅप’ने होस्टचे सर्व पोर्ट तपासावेत. नॅटवरील गेस्टला ५३ वगळता होस्टचा कोणताही टीसीपी पोर्ट उघडा दिसू नये, आणि ब्रिजवरील गेस्टला होस्ट मुळी सापडूच नये.